उरलेल्या गोळ्यांचा खोका

अभ्यासलेख
वाचन : २ राजे, अध्याय ५, वचने १ ते १४



ऑगस्टच्या अखेरीस एका मंडळीच्या महिला संघाकडून आरे कॉलनीतल्या आमच्या सेवाकार्यासाठी औषधांचा एक खोका आला. घराघरांतून गोळा केलेली, तारीख न उलटलेली औषधे. भगिनींनी ती कष्टाने वेगळी लावली होती. तापाची एका पिशवीत, पोटाची दुसरीत, आणि तिसऱ्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'अँटिबायोटिक'. त्या तिसऱ्या पिशवीत तीनपैकी एकच गोळी उरलेली अझिथ्रोमायसिनची पाकिटे होती, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या अर्ध्या स्ट्रिप होत्या, लेव्होफ्लॉक्सासिन होते, लहान मुलांचे पाणी घालून ढवळायचे औषधही होते. ही पिशवी आम्ही पाड्यांवर वाटली नाही. हे कळल्यावर भगिनींना वाईट वाटले. गरिबांच्या उपयोगी पडले असते ते वाया का घालवले, असे त्यांनी विचारले.

प्रश्न रास्त आहे, आणि फोनवर दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा नाही. चार वर्षांपूर्वी हाच खोका आला असता तर मी स्वतः तो आनंदाने वाटला असता. वाटलेही आहेत. म्हणून या अंकाचा अभ्यास या विषयावर घेत आहे.

ज्यांनी आरे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. गोरेगाव पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाला लागून ही वसाहत आहे. शहरातले म्हशींचे तबेले एका जागी आणावेत म्हणून १९४९ साली दूध वसाहत वसवली गेली. पण वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा ही माणसे त्याच्या कितीतरी आधीपासून येथे राहत होती. आज २७ पाडे मोजले जातात. बातम्यांत आरे येते ते झाडांमुळे किंवा बिबट्यामुळे. पाड्यातल्या बाईला खोकला झाला तर ती काय करते, याची बातमी होत नाही. ती तो अंगावर काढते. दवाखान्यात जायचे म्हणजे मुख्य रस्त्यापर्यंत चालायचे, बस धरायची, रांगेत उभे राहायचे, आणि त्या दिवसाची मजुरी गेली. अगदीच असह्य झाले की मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या सुट्ट्या आणायच्या. पैसे असतील तितक्याच.

ही गैरसोय थोडी कमी व्हावी म्हणून आम्ही शिबिरे घ्यायचो. रविवारी उपासनेनंतर टेबल मांडायचे, ओळखीतला डॉक्टर यायचा, शे-दीडशे माणसे तपासायची. डॉक्टर औषधाचे नाव लिहायचा आणि आम्ही स्वयंसेवक खोक्यात असेल तितके द्यायचो. पाच दिवसांचे लिहिले आणि तीन दिवसांचे असले तर तीन दिवसांचे. कुणी रिकाम्या हाताने जाऊ नये एवढेच आमच्या मनात असायचे.

अशाच एका शिबिरानंतर महिन्याने मी एका आजींच्या घरी गेले. त्यांना छातीत कफ झाला होता म्हणून आम्ही गोळ्या दिल्या होत्या. मी विचारले, "आजी, गुण आला का?" म्हणाल्या, "आला ना ताई. दोन दिसांत बरं वाटलं, मंग ठेवल्या." फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी कागदात गुंडाळलेल्या गोळ्या काढून दाखवल्या. "नातवाला खोकला झाला तर कामी येतील." काटकसर करणारी बाई. घरातले काही वाया जाऊ द्यायचे नाही हे तिला तिच्या आईने शिकवलेले. मी तिला काय बोलणार होते? आमचा खोकाही तिच्याच हिशोबाने चालला होता. शहरातल्या घरांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या, त्या आमच्याकडे, आमच्याकडून आजींकडे, आजींकडून नातवाकडे. एकाही टप्प्यावर कुणाचा पुरता इलाज झाला नव्हता.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना जे भाषण केले त्यात एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो, पण जंतू मरण्याइतके घेत नाही. त्यांना सवय होण्याइतकेच घेतो. मग त्याच्याकडून पत्नीला लागण होते, तिला न्यूमोनिया होतो, आणि आता पेनिसिलिन चालत नाही. ती दगावते. औषध सर्वांच्या हाती पडायला नुकती कुठे सुरुवात झाली होती, तेव्हाचे हे बोल आहेत. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे मेली, असा अंदाज संशोधकांनी नंतर मांडला.

'सवय' हा शब्द सोपा आहे, पण नेमके काय होते ते समजून घ्यायला हवे. क्षयरोगाचे, म्हणजे टीबीचे उदाहरण घेऊ. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णाच्या शरीरात टीबीचे कोट्यवधी जंतू असतात. त्यांत साधारण दहा लाखांत एक जंतू मुळातच असा असतो की आयसोनियाझिड या गोळीने तो मरत नाही. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जंतू दहा कोटींत एक असतो. एकच गोळी दिली तर बाकीचे मरतात, रुग्णाला बरे वाटते, आणि तो दहा लाखांतला एक मोकळ्या शेतात तण माजावे तसा वाढतो. दोन्ही औषधे एकत्र दिली तर दोघांनाही पुरून उरणारा जंतू सापडणे जवळजवळ अशक्य, कारण आता हिशोब एकावर चौदा शून्ये इतका जातो. म्हणून टीबीला एका वेळी चार औषधे देतात आणि महिनोन्महिने देतात. बरे वाटणे आणि बरे होणे यांत चार-पाच महिन्यांचे अंतर असते. आपली बरीच माणसे त्या अंतरातच औषध सोडतात.

आता वाचनाकडे येऊ. अरामाचा सेनापती नामान कोडी होता. अलीशा त्याला यार्देनेत सात वेळा बुडी मारायला सांगतो. आपण हा उतारा नम्रतेवर शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. धर्मशिक्षणाच्या डिप्लोमाला आम्हालाही तसाच शिकवला गेला. पण रुग्णांबरोबर काम करू लागल्यावर माझी नजर दुसऱ्याच माणसांवर जाऊ लागली. नामान रागाने माघारी वळला होता. त्याला परत नदीपर्यंत नेले ते त्याच्या चाकरांनी. त्यांची नावे शास्त्रात नाहीत. त्यांनी वाद घातला नाही, धन्याला दोष दिला नाही, समजूत काढली. आणि तिसऱ्या किंवा पाचव्या बुडीनंतर थोडे बरे वाटले की नाही, याबद्दल उतारा काहीच बोलत नाही. सात सांगितल्या होत्या, सात झाल्या, एवढेच आहे.

येथे एक खुलासा करायला हवा. 'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य सगळ्या आजारांना सारखे लागू नाही. घसा किंवा लघवीच्या साध्या संसर्गाला पूर्वी दहा दिवस देत ते आता पाच किंवा तीन दिवसही पुरते, असे डॉक्टरच म्हणू लागले आहेत, आणि अनावश्यक लांबलेले औषधही जंतूंना बळ देते. मुद्दा असा की किती दिवस हे तपासणाऱ्याने ठरवायचे. खोक्यात किती उरल्या आहेत त्यावरून ठरवायचे नाही. टीबीच्या बाबतीत मात्र सवलत नाही.

कुष्ठसेवेत ज्यांची हयात गेली अशी जुनी माणसे आपल्या मंडळ्यांत अजून आहेत. त्यांना हे नवे वाटणार नाही. डॅप्सोन या एकाच गोळीवर वर्षानुवर्षे भिस्त ठेवली गेली. १९६० आणि ७० च्या दशकांत ती अनेकांना चालेनाशी झाली. मग रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची पद्धत आली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या वर्धा जिल्ह्यात ती देशात अगदी आधी सुरू झाली. त्यानंतर घरोघरी पाकिटे पोचवणाऱ्या, गोळी समोर गिळायला लावणाऱ्या कार्यकर्त्यांनी जे केले ते नामानाच्या चाकरांचेच काम होते.

टीबीत आपण तो धडा विसरलो, आणि तेही मुंबईत. डिसेंबर २०११ मध्ये येथील हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हते. पुढच्या महिन्यात हा आकडा बारावर गेला. 'पूर्णपणे औषधरोधक' हा शब्द सरकारला मान्य झाला नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेही तो वापरू नये असे सांगितले, आणि शब्दावर बराच वाद झाला. मला त्या अहवालातली वेगळीच गोष्ट खटकली. चारपैकी तीन रुग्णांनी अठरा महिन्यांत सरासरी चार-चार डॉक्टर पालटले होते आणि प्रत्येकाने एखादे औषध वाढवत नेले होते, बऱ्याचदा चुकीच्या मात्रेत. त्याच्या आधी २०१० साली याच डॉक्टरांनी धारावीतल्या १०६ खाजगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहून दाखवायला सांगितले होते. त्यांनी ६३ वेगवेगळे औषधोपचार लिहिले. बरोबर होते सहा.

२०१२ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद कळवणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक केले आणि जूनमध्ये टीबीसाठी होणाऱ्या रक्ताच्या बेभरवशाच्या चाचण्यांवर बंदी आणली. मग सीबीनॅट यंत्रे आली. थुंकीचा नमुना घातला की दोनेक तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन चालेल का, दोन्ही कळते. पूर्वी याच उत्तरासाठी आठवडे जायचे.

आमच्या पाड्यातल्या एका तरुणाला ते उत्तर उशिरा मिळाले, आणि त्यात यंत्राचा दोष नव्हता. तो रात्रपाळीला साफसफाईचे काम करायचा. खोकला लागला तेव्हा एका डॉक्टरने लेव्होफ्लॉक्सासिन दिले. चार दिवसांत उतार पडला. पुन्हा लागला तेव्हा त्याने तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तेच घेतले. तिसऱ्यांदा तो आमच्या शिबिरात आला आणि आमच्या खोक्यात नेमके तेच होते. हे औषध फ्लुरोक्विनोलोन या जातीचे. टीबीला ते काही काळ दाबून धरते, पण एकट्याने पुरते बरे करत नाही. त्यामुळे थुंकीत जंतू दिसायला वेळ लागतो, निदान लांबते. आणि साध्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत ज्या मोजक्या औषधांवर भिस्त असते, त्यांतलेच हे एक. निदान झाले तेव्हा त्याच्या जंतूंवर रिफॅम्पिसिन चालत नव्हते आणि हेही चालत नव्हते. तो जंतू त्याच्या शरीरात तसा घडला की मुळातच तसा दुसऱ्याकडून लागला, हे कुणी सांगू शकत नाही. मुंबईत पुष्कळांना रोधक जंतूच थेट लागतो. पण मधले चार महिने तो घरात, लोकलमध्ये, आमच्या उपासनेतही खोकत होता. त्या चार महिन्यांतल्या तीन दिवसांच्या गोळ्या मी माझ्या हाताने दिल्या होत्या.

अशा रुग्णांसाठी काळ बदलतो आहे, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी दोन-दोन वर्षे उपचार आणि त्यात महिनोन्महिने रोजचे इंजेक्शन. त्या इंजेक्शनांनी अनेकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन या पत्रकार त्यांपैकी एक. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी, दोघींची श्रवणशक्ती टीबीच्या उपचारात गेलेली, २०१९ साली बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्याला भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि स्वस्त औषधाचा रस्ता मोकळा झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने चार औषधांच्या, सहा महिन्यांच्या, इंजेक्शनाविना होणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. त्यातले चौथे औषध मॉक्सिफ्लॉक्सासिन. तेही फ्लुरोक्विनोलोनच. आमचा हा तरुण त्यामुळे लांबच्या उपचारावर आहे. पायांना मुंग्या येतात, चिडतो, पण गोळ्या घेतो आहे.

औषधांच्या विक्रीवर नियम नाहीत असे नाही. १ मार्च २०१४ पासून काही जोरदार अँटिबायोटिक आणि टीबीची औषधे 'एच-१' या यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. २०१६ पासून स्ट्रिपवरच्या उभ्या लाल रेघेची ओळख लोकांना करून दिली जात आहे : लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नये. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा झाला. केरळने दुसऱ्या वर्षी स्वतःचा राज्य आराखडा केला आणि पुढे चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यांवर धाडीही घातल्या. आपल्याकडे मात्र वही आहे, रेघ आहे आणि सुट्ट्या गोळ्याही आहेत. दुकानदाराला शिव्या देणे सोपे आहे. पण पाड्यातल्या बाईला दवाखान्यापेक्षा तोच जवळचा आहे, उधार देतो आणि नावाने हाक मारतो, हे विसरून चालणार नाही.

आरेत राहून तबेल्यांबद्दल न बोलता पुढे जाता येत नाही. पाड्यांतली कितीतरी माणसे तेथे शेण काढायला, म्हशी धुवायला जातात. म्हशीच्या कासेला सूज आली, दगडी झाली, की सडातून अँटिबायोटिक सोडतात. बाटलीवर लिहिलेले असते की त्यानंतर इतके दिवस दूध विकू नये. ते दिवस पाळले नाहीत तर औषधाचा अंश दुधात येतो, आणि दूध उकळले म्हणून तो जाईलच असे नाही. शेणामुतातून उरलेले औषध आणि त्याला सरावलेले जंतू ओढ्यात जातात. येथले ओढे पुढे ओशिवरा आणि मिठी नद्यांना मिळतात. जुलै २०१९ मध्ये सरकारने कोलिस्टिन या औषधावर कोंबड्या आणि दुभत्या जनावरांसाठी बंदी घातली, कारण माणसाला दुसरे काहीच चालत नाही तेव्हा डॉक्टर त्याच्याकडे वळतात. म्हणून खोक्यातली ती पिशवी आम्ही मोरीतही ओतली नाही.

मग पाड्यांसाठी काय पाठवावे, असे भगिनींनी पत्राच्या शेवटी विचारले होते.

झारखंडमध्ये, जेथे रुग्णांत आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी २,८०० टीबी रुग्णांच्या घरी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्या रुग्णांना शिधा मिळाला; निम्म्या भागांत घरातल्या इतरांनाही महिन्याला शिधा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांतल्या इतर माणसांना टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि थुंकीतून पक्का झालेला टीबी ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदळाने. ज्याला टीबी झालाच नाही त्याच्यावर कुठलेही औषध वाया जात नाही. रुग्णाला सरकारकडून निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये मिळतात, पण आधार आणि बँक खाते जुळले तरच, आणि ते जुळवायला बरोबर कुणीतरी जावे लागते. घरातल्या बाकीच्यांच्या ताटाचा भार आपण उचलू शकतो. आमच्या माहितीत सध्या सहा घरे आहेत.

शिबिरे बंद केलेली नाहीत. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर आता आम्ही एकही गोळी देत नाही. थुंकीची डबी देतो आणि दुसऱ्या दिवशी पालिकेच्या केंद्रापर्यंत सोबत जातो. मुलांच्या जुलाबाला जलसंजीवनी आणि चौदा दिवस झिंक. आधी लोक नाराज झाले. "डॉक्टर आला आणि काहीच दिलं नाही," असे एका भावाने सर्वांसमोर सुनावले. सोबत जाण्यासाठी माणसे कमी पडतात. ज्यांना महिन्यातला एक सोमवार देता येईल त्यांनी कळवावे.

आजींनी डब्यातल्या गोळ्या मला दिल्या, पण बदल्यात काहीतरी हवेच म्हणाल्या. मी गुळाची ढेप नेऊन दिली. त्याच आठवड्यात नातवाचा खोकलाही तपासून आणला. साधा होता, आपोआप गेला.

आणि ज्या महिला संघाने खोका पाठवला होता त्यांना मी हे सगळे पत्राने कळवले. डिसेंबरमध्ये त्यांचा दुसरा खोका आला. शेंगदाणे, हरभरे, तूरडाळ, नाचणीचे पीठ, सगळे नीट बांधलेले, प्रत्येक पुडीवर वजन लिहिलेले. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून, खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली होती.